दोनशे सत्तर हात

छावणीतल्या घरून निघालो, तेव्हा दूधवालाही आला नव्हता.
एकोणसत्तर वर्षं ग्वाल्हेरात काढली,
आणि चतुर्भुजाचं देऊळ किल्ल्याच्या वाटेवर
दर वेळी मागे टाकलेलं.
अख्ख्या कातळातून कोरलेलं, एवढंसं,
सरकारी क्वार्टरच्या एका खोलीइतकं.

कुलूप रामसेवक कुशवाहाने काढलं.
‘जीरो देखने आये हो?’
दवाखान्यात विचारतात तसं विचारलं, नंबर लावलाय का.
मग टॉर्च भिंतीवर, एका ओळीवरून दुसरीवर,
आणि थांबला.

लहान आहे.
शेजारच्या दोन आणि सातापेक्षा लहान,
पंगतीत शेवटी बसलेल्या पोरासारखं.
चौतीस वर्षं मी महालेखाकारांच्या कचेरीत
लोकांची शून्यं तपासली,
लाल पेन्सिलीने त्यांच्याभोवती गोल काढले.
आज चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला.

ती लिपी मला येत नाही. घरून टिपण नेलं होतं:
संवत नऊशे तेहेतीस.
जमीन लांबीला दोनशे सत्तर हात,
रुंदीला एकशे सत्त्याऐंशी.
गावाने दिली, फुलबागेसाठी.
देवाला रोज पन्नास हार.
पन्नासातही एक आहे, त्याच्यावर कुणी टॉर्च धरत नाही.

मला वाटलं होतं, काहीतरी भारी निघेल.
ग्रहांच्या गती, नाहीतर
कनौजच्या राजाकडे हत्ती किती.
निघाली तलाठ्याची मोजणी.
कण्हेर कुठवर, जाई कुठून.
(झेंडू नव्हता तेव्हा. तो फार पुढे जहाजातून आला.)

याहून जुनं शून्य समुद्रापार सापडलंय म्हणतात.
सापडू दे.
मी पाहत होतो ते वेगळंच:
कोरणारा तिथे थबकलेला नाही.
छिन्नी सातावरून आली, गोल फिरली, पुढे गेली.
म्हणजे ते त्या दिवशीचं नव्हतं.
वाण्याच्या हिशेबात, पोरांच्या धूळपाटीवर
आधीच वापरून वापरून गुळगुळीत झालेलं.
एवढं मोठं राज्य, आणि त्याची सगळ्यात मोठी गोष्ट
माळ्याच्या कागदात, कुणाच्या लक्षातही न येता.

भिंडचा शिवहरे आठवला, पाटबंधारे खात्यातला.
सिमेंटच्या पोत्यांना एक शून्य जादा,
दोनशे सत्तरची दोन हजार सातशे.
‘रात झाली होती साहेब, लाइट गेली होती.’
मी परिच्छेद लिहिला. नियमाप्रमाणे.
पुढे तो स्टँडवर लोकांचे फॉर्म भरून द्यायचा,
दोन रुपयाला एक.
माझाही एक भरला होता त्याने.
ओळखलं नाही.
किंवा ओळखलं.
रकाने मात्र सुरेख भरले होते.

सवय जात नाही. तिथेही मनात आक्षेप मांडला:
बाग जागेवर आढळून आली नाही.
हारांच्या पावत्या सादर केल्या नाहीत.
रोजचे पन्नास, वर्षाचे अठरा हजार अडीचशे,
अकराशेहून जास्त वर्षं…
दोन कोटींच्या वर गेलो आणि सोडून दिलं.

‘बाग कुठे होती रे?’
रामसेवकाने दारातून खाली हात केला:
हजीऱ्याची घरं, काळ्या टाक्या, एक मोबाइल टॉवर.
‘इधर ही कहीं होगा. हम लोग तो माली ही हैं, बाबूजी.
अम्मा टेसन के बाहर बैठती है.’
आणि टॉर्च विझवली. सेल त्याला पदरचे घालावे लागतात.
अंधारात ते कुठे आहे, मला ठाऊक होतं.

उतरून स्टेशनाकडे गेलो.
म्हातारीने दोरा दाताने तोडला, हार पानात बांधले.
‘कितने?’
दोन, म्हणालो.
एक चतुर्भुजाला.
दुसरा घेऊन भिंडच्या बसपाशी
बराच वेळ उभा होतो.